वयाला शोभेल अशी साडी: शोभायला हवी ती नक्की कोणाला?

चिंचपेटी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नाच्या साड्या घेण्यासाठी आम्ही सगळे सांगलीहून कोल्हापूरला गेलो होतो. माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. दुकानदाराने गादीवर साड्यांचा ढीग टाकला, तेव्हा त्यांचा हात सरळ एका डाळिंबी रंगाच्या, हिरव्या काठाच्या साडीवर गेला. त्यांनी पदर उलगडला, काठ दोन बोटांत धरून चोळून पाहिला, जरीची उलटी बाजू तपासली आणि मग मान वर करून माझ्या यजमानांकडे पाहिले. यजमान काही बोलले नाहीत, फक्त त्यांची एक भुवई किंचित वर गेली. नणंदबाई मात्र म्हणाल्या, "आई, अगं करवलीची वाटेल ती!" सगळे हसले, सासूबाईही हसल्या, आणि घरी आली ती राखाडी रंगाची, बारीक काठाची साडी. "बरी आहे, कुठेही चालेल," असे त्या म्हणाल्या. त्या रंगाच्या सहा साड्या त्यांच्या कपाटात आधीपासूनच आहेत, मी मोजल्या.

हा प्रसंग एवढाच असता तर या मंचावर चर्चेचा धागा काढला नसता. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा याच मंडळींनी पंजाबी ड्रेसचे चार जोड आणून त्यांच्यासमोर ठेवले होते आणि "आता साडी कोण नेसतं, आई?" असे म्हणून त्यांना ते घालायला लावले होते. त्यांनी ते घातले. पण दारावरची घंटा वाजली की त्या ओढणी शोधत आतल्या खोलीत जात आणि पाहुणा गेल्यावरच बाहेर येत. म्हणजे जिन्यावर त्यांनी काळाबरोबर चालावे आणि मांडवात मात्र वयाप्रमाणे वागावे, अशी आमची अपेक्षा. दोन्ही निर्णय प्रेमापोटीच झाले होते आणि दोन्ही वेळा त्यांना विचारायचे तेवढे राहून गेले होते, हे मला दुकानातून परतताना गाडीत जाणवले. दुकानात मीही गप्पच बसले होते.

आपापल्या घरातील ज्येष्ठ स्त्रियांचे कपडे प्रत्यक्षात कोण ठरवते, ते कृपया लिहावे. "कोणी काय नेसावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे" एवढेच लिहून कोणी जाऊ नये, कारण ते आपल्या सर्वांनाच पटते आणि दुकानात कोणालाच आठवत नाही.

काठपदर

मी स्वतः एकोणसत्तर वर्षांची, निवृत्त शिक्षिका आहे, त्यामुळे तुमच्या सासूबाईंच्या बाजूने लिहिते.

साडीखेरीज दुसरे काही मी पहिल्यांदा घातले ते एकसष्टाव्या वर्षी, युरोपच्या सहलीत. आमच्या गटात साठीच्या पुढच्या सात जणी होत्या. विमानतळावर निरोप द्यायला मुले, सुना, नातवंडे आलेली असल्यामुळे सातही जणी साडीत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला उतरतो तर काय, प्रत्येक जण पँट आणि कुर्त्यात! कोणी कोणाला विचारले नव्हते. प्रत्येकीने बॅगेच्या तळाशी आपापली चोरी लपवून आणली होती. परतीच्या प्रवासात मुंबई तासाभरावर आली, तशी आमच्यापैकी चौघींची विमानाच्या स्वच्छतागृहापुढे रांग लागली. त्या खुराड्यात भिंतीला कोपरे आपटत साडी नेसणे ही काय सर्कस असते, ते नेसणारीलाच ठाऊक.

पुढे मुलाने ते फोटो पाहिले तेव्हा त्याला आनंदच झाला. मग मी नक्की कोणाला घाबरत होते? पुष्कळ विचार केल्यावर लक्षात आले की मुलगा, सून किंवा यजमान यांच्यापैकी कोणीही मला कधी अडवले नव्हते. "शिंगे मोडून वासरांत शिरली" हे वाक्य माझ्या आईने एका दूरच्या मावशीबद्दल उच्चारलेले मी दहा वर्षांची असताना ऐकले होते, आणि ते माझ्या कानात पन्नास वर्षे बसून होते. आई गेली, मावशीही गेली, वाक्य मात्र राहिले.

एक गंमत सांगते. नवरात्रातले नऊ रंग वर्तमानपत्रात छापून येऊ लागल्याला आता वीसेक वर्षे झाली असतील. त्यामागे शास्त्र आहे असे मला मुळीच वाटत नाही आणि दर वर्षी त्यावर नाके मुरडणारेही पुष्कळ आहेत. परंतु आमच्या सोसायटीतल्या, एरवी बदामी आणि राखाडीच्या पलीकडे न जाणाऱ्या बायका त्या नऊ दिवसांत बिनधास्त लाल, केशरी, पोपटी नेसतात. कोणी विचारलेच तर उत्तर तयार असते, "आज पेपरात लालच आहे ना!" रंग आपण निवडला नाही, तो वरून आला, एवढी सबब मिळाली की पुरे होते.

शिवणटिपण

मी डोंबिवलीत तीस वर्षे ब्लाउज शिवते आहे. या विषयावर बोलायचा थोडाफार अधिकार मला आहे, असे समजते.

साठीपुढची बाई शिवायला येते तेव्हा सोबत कोण आले आहे, त्यावरून बाहीची लांबी ठरते. सून सोबत असली तर बहुतेक वेळा सूनच बोलते. "गळा वर घ्या, बाही कोपरापर्यंत, पाठ बंद ठेवा, आईंना तेच बरं वाटतं." बाई टेपखाली हात पसरून उभी असते आणि समोरच्या आरशात स्वतःकडे पाहत असते. मुलगी सोबत असली तर उलटे होते, ती फोनमधले चित्र दाखवून आईला मागे दोरी आणि लटकन लावायला सांगते आणि आई संकोचून म्हणते, "अगं, नको गं." दोन्हींत मापे त्या बाईची असतात आणि मत दुसरीचे.

खरी गोष्ट कळते ती बाई दुसऱ्यांदा, एकटी आली की. एक बहात्तर वर्षांच्या गिऱ्हाईक बाई ठरल्या दिवसाच्या आधीच परत आल्या आणि म्हणाल्या, "बाही दंडाच्या मध्यापर्यंतच ठेव. घरी मी सांगेन, कापड कमी पडलं." त्या दिवसापासून मला समजले की "कापड कमी पडले" हे माझ्या दुकानातले सर्वांत उपयोगी वाक्य आहे. आता तर काही जणींना मीच हळूच विचारते, "काकू, कापड पुरेल की कमी पडेल?" त्या हसतात आणि मी खडूची खूण वर सरकवते.

दुसरा मुद्दा शरीराचा आहे, ज्याचा विचार घरातले कमीच करतात. खांदा धरला की मागचे हुक लावता येत नाहीत, मग ते लावायला रोज सून किंवा लेक लागते, आणि जिच्याकडून रोज हुक लावून घ्यायचे तिच्या मतापुढे बोलायची सोय उरत नाही. मी अशा वेळी पुढून हुकच्या जागी मोठी टिचबटणे लावते, मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो घेर, अर्धा इंच सैल ठेवते आणि बगलेखाली पाऊण इंच शिवण दाबून ठेवते, म्हणजे पुढे उसवून वाढवता येते. बाईला आपला ब्लाउज आपल्या हाताने घालता आला की तिच्या आवडीनिवडी पुन्हा ऐकू येऊ लागतात, हे मी पाहिले आहे.

पैशांबद्दलही एक सांगायला हवे. "आता माझ्यावर कशाला कापड वाया घालवता, आणखी किती दिवस घालणार आहे मी?" असे म्हणणारी बाई मला आठवड्याला एक तरी भेटते. त्यावर घरातले "असं नको बोलू" म्हणतात खरे, पण अस्तराचा विषय निघाला की "साधंच लावा" हेही तेच सांगतात.

उंबरठा

कबुली देतो. आई गाऊनवर, खांद्यावर टॉवेल टाकून, खाली भाजीच्या गाडीपाशी जाते याची मला लाज वाटत असे आणि मी तिला तसे दोनदा बोललोही होतो. तेव्हा माझ्या बारावीतल्या मुलीने मला थांबवले आणि विचारले, "बाबा, तुम्ही रोज सकाळी दूध आणायला काय घालून जाता?" मी बर्म्युडा आणि गंजीफ्रॉक घालून जातो. त्यानंतर मी आईला काही बोललो नाही. पण आई मात्र अजूनही मी घरी आहे की नाही ते पाहून मगच गाऊनवर खाली उतरते. बोललेला शब्द परत घेता येत नाही, तो असा.

रोखठोक

प्रत्येक वेळी कुटुंबालाच पिंजऱ्यात उभे करणे मला पटत नाही. आम्ही तिघा भावंडांनी आईच्या पंचाहत्तरीला लाल रंगाची, चांगली रेशमी साडी आणली होती, तर तिने ती दुसऱ्याच दिवशी बदलून आणायला लावली. कारण काय, तर तिच्या भजनी मंडळातल्या बायका बोलल्या असत्या. या मंडळाने सर्वांसाठी एकसारखी फिकट निळी साडी ठरवली आहे आणि ती ठरवताना घरातल्या कोणालाही विचारलेले नाही. सांगणाऱ्या सत्तरीच्या, ऐकणाऱ्याही सत्तरीच्या. यात मुलगा, सून, समाज यांना कुठे धरायचे?

चिंचपेटी

रोखठोक, आपला मुद्दा मान्य आहे. पण सत्तरीच्या बायकांना ते नियम कोठून मिळाले, हे काठपदर यांनी वर लिहिलेच आहे. जिला स्वतःला लाल नेसू दिले नाही, तिला दुसरीने नेसलेले लाल सहन होत नाही, असे मला वाटते. फिकट निळ्या साडीकडे मात्र मी वेगळ्या नजरेने पाहते. सर्व जणी एकच साडी नेसतात तेव्हा कोणाची सून श्रीमंत आहे, कोण विधवा आहे आणि कोणाकडे दोनच साड्या आहेत, हे त्या दोन तासांपुरते झाकले जाते. कदाचित तीही निवडच असेल.

माणदेशी

माझी आजी शेवटपर्यंत नऊवारी नेसत असे. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. ओले झाल्यावर त्याचे ओझे किती होते, हे ज्याने विहिरीवर लुगडे पिळायला दुसरे टोक धरले आहे त्यालाच कळेल. डोक्यावरचा पदर थोरल्या दिरांसाठी होता. दीर वारले तेव्हा आजी सत्तरीला आलेली होती आणि तिच्याहून मोठे असे घरात कोणी उरले नव्हते, तरी पदर खाली आला नाही. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाली, "आता नातसुना बघतात की." आधी वरच्यांसाठी पदर घ्यायचा, मग खालच्यांसमोर उदाहरण म्हणून तोच ठेवायचा, मध्ये तिच्या स्वतःच्या डोक्याचा दिवस आलाच नाही.

मात्र लुगडे तिच्यावर कोणी लादले होते, असे मी म्हणणार नाही. काष्टा घालून ती झाडावर चढलेली मी पाहिली आहे. पूर्वी इचलकरंजीच्या मागांवरची सुती लुगडी आठवडी बाजारात मिळत, दोन जुनी विरली की चांगले भाग मध्ये शिवून जोडत (याला दंड घालणे म्हणत), आणि त्यानंतरही उरले ते वाकळेत जाई. पुढे बाजारातला तो माणूस यायचा बंद झाला. आता दुकानात नऊवारी मागितली तर शोभायात्रेत घालायची, शिवून तयार केलेली, चकचकीत वस्तू पुढे करतात. घरच्यांनी बंदी न घालताही म्हातारीचे कपडे बदलू शकतात. तिला हवे ते कापड मिळेनासे झाले की काम होते.

शहाऐंशीव्या वर्षी ती अंगणात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात पहिल्या तासातच लुगडे उतरवून मागून नाड्या बांधायचा झगा घातला. ते आवश्यक होते, याविषयी माझी तक्रार नाही. पण घरी आल्यावरही सेवेला ठेवलेल्या बाईंच्या सोयीसाठी तोच प्रकार चालू राहिला आणि आम्ही सर्वांनी तो सोयीस्कर म्हणून स्वीकारला. आजीचा हात दिवसभरात कितीतरी वेळा कमरेकडे जात असे. आम्हाला वाटले, तिथे दुखते आहे. पुष्कळ दिवसांनी माझ्या आत्याच्या लक्षात आले की ती कनवटी चाचपत होती. आयुष्यभर तिचे पैसे, सुपारीचे खांड आणि कपाटाची किल्ली तिथे खोचलेली असे. आत्याने एक कापडी पट्टा शिवून, त्यात दहा रुपयांच्या दोन नोटा घालून तो झग्यावरून बांधला, तेव्हा हात शांत झाला.

नाडीपरीक्षा

माझे सदस्यनाम पाहून हसू नये. मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि खरोखरच नाडीविषयी, म्हणजे परकराच्या नाडीविषयी लिहिणार आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात दोन ज्येष्ठ स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दोघींच्याही कमरेवर, नाडी किंवा गाठ जिथे आवळली जाते त्या जागी, दीर्घकाळ न भरणारी जखम होती आणि तपासणीत तो त्वचेचा कर्करोग निघाला. त्यांतल्या एका बाई परकर न घालता लुगडे कमरेला घट्ट आवळून नेसत असत आणि हे त्यांनी चाळीस वर्षे केले होते. असा कर्करोग फार दुर्मीळ आहे, त्यामुळे घाबरून साड्या टाकून देण्याचे काहीही कारण नाही. पण कमरेवर काळा पट्टा, खाज, साल निघणे आणि भेग पडणे या गोष्टी मी साठीपुढच्या स्त्रियांमध्ये नेहमी पाहतो, आणि त्या दाखवायला आलेल्या नसतात. पोटदुखीसाठी तपासताना माझ्या नजरेस पडतात. "त्यात काय दाखवायचं, सगळ्यांनाच असतं," हे उत्तर ठरलेले आहे. नाडीऐवजी रुंद पट्टा लावावा, गाठ रोज एकाच जागी येऊ देऊ नये, घरात असताना सैल कपडे घालावेत आणि तीन आठवड्यांत न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवावी, इतकेच पुरेसे आहे.

एक जोडतो. साडी सोडून ड्रेस घालायचा सल्ला आम्ही डॉक्टरही सर्रास देतो, आणि तो बहुधा रुग्णाऐवजी मुलाकडे पाहून देतो. हा धागा वाचताना ते ध्यानात आले.

अबोली

माझे वडील २००३ मध्ये गेले, तेव्हा आई अठ्ठावन्न वर्षांची होती. तेराव्याला माहेरच्यांनी तिला साडी दिली ती पांढरट, करड्या ठिपक्यांची. आलवणाचा, म्हणजे विधवांनी नेसायच्या ठरावीक लुगड्याचा, काळ केव्हाच मागे पडला होता, आणि १८९६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला त्यालाही शंभर वर्षे उलटून गेली होती. तरी आमच्या सुशिक्षित घरात त्या ठिपक्यांच्या साडीचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. कोणी म्हणाले नाही की "रंगीत नेसू नकोस". फक्त त्यानंतर प्रत्येक लग्नात तिला आहेर आला तो फिकट रंगाचाच. आहेर करणारी बाई दुकानात "विधवा बाईंसाठी दाखवा" असे म्हणत नाही. ती "जरा सोबर दाखवा" असे म्हणते, आणि दुकानदार न विचारता योग्य गठ्ठा सोडतो. हिरवी साडी द्यायची नाही, ओटी भरायची नाही, एवढे दोन नियम सर्वांना पाठ. बाकी सगळे आपोआप घडते.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे हे सारे थांबवायचे ठरले, आणि त्याच महिन्यात शासनानेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. आईने ती बातमी दोनदा वाचली. मग चष्मा काढून म्हणाली, "गावाने ठराव केला म्हणून बरं. घरात ठराव कोण मांडणार?" त्या दिवाळीत मी तिच्यासाठी मोरपिशी साडी आणली. तिने ती नेसली, पण घरात. बाहेर नेसायला आणखी एक वर्ष लागले, आणि त्या दिवशी एका नातेवाईक बाईंनी तिला विचारले, "आज काय विशेष?" आईने उत्तर दिले, "इस्त्री केलेली हीच होती." हे वाक्य आणि वरचे "कापड कमी पडले" हे वाक्य एकाच गठ्ठ्यातले आहे.

चिंचपेटी

सर्वांचे आभार. काल दुपारी मी हा सगळा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. विमानातल्या रांगेला त्या खूप हसल्या, माणदेशी यांच्या आजीच्या वेळी उठून पाणी प्यायल्या, आणि शेवटी मी डाळिंबी साडीचा विषय काढून पुन्हा कोल्हापूरला जाऊ या का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "लग्न झालं, आता ती साडी घेऊन काय करू? तुला त्या दिवशी बोलायचं होतं तर त्या दिवशी बोलायचंस." मला यावर उत्तर सुचले नाही.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "त्या शिवणाऱ्या बाईंना विचार, पंजाबी ड्रेसला खिसा करून मिळतो का? दोन वर्षं झाली, किल्ली आणि रुमाल हातात धरून फिरते आहे." दोन वर्षांत हे त्या कोणाला बोलल्या नाहीत, आणि आम्हालाही दिसले नाही.

शिवणटिपण

खिसा सहज होतो. कमीजच्या बाजूच्या शिवणीत, कमरेच्या हाडापासून दोन बोटे खाली तोंड ठेवावे आणि आतून जाड सुती अस्तराची पिशवी लावावी, म्हणजे किल्लीच्या वजनाने कापड ओढले जात नाही. झालेल्या ड्रेसलाही कडेची शिवण उसवून लावता येतो, तुमच्या जवळच्या शिंप्यालाही जमेल. त्या काठी कोणत्या हातात धरतात ते विचारून घ्या. खिसा दुसऱ्या बाजूला हवा, नाहीतर काठी भिंतीला टेकवून ठेवल्याशिवाय हात आत जाणार नाही.

चिंचपेटी

काठी त्या डाव्या हातात धरतात, म्हणजे खिसा उजवीकडे. विचारले तेव्हा आणखी दोन सूचना मिळाल्या: खिशात मोबाइल आडवा मावला पाहिजे, आणि ओढणी मात्र हवीच, पण काठीत अडकेल इतकी लांब नको.